मदत हवी आहे: एसेनच्या श्पीलसाठी हॉटेल कुठं घ्यावं? (सोबत बाबा आहेत, गुडघ्याचा त्रास आहे)

सोंगटी

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात २२ ते २५, गुरुवार ते रविवार, जर्मनीत एसेनला श्पील आहे. पटावरच्या खेळांचा हा जगातला सर्वांत मोठा मेळावा. १९८३ पासून एसेनलाच भरतो. गेली आठ वर्षं मी त्याचे व्हिडिओ बघतेय आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतेय. मागच्या वर्षी पहिला दिवस नेमका भाऊबीजेला आला, म्हणून राहिलं. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, रजा मंजूर झालीय आणि बाबा सोबत येताहेत.

बाबांबद्दल थोडं सांगते, कारण माझा प्रश्न त्यांच्याभोवतीच आहे. वय ६७. वीज मंडळात लाइनमन होते, आयुष्यभर खांब चढले, त्याचं सगळं आता उजव्या गुडघ्यात उतरलंय. सपाटीवर सावकाश अर्धा तास चालतात. जिना चढला की मात्र त्या दिवसापुरतं संपतं. मला सारीपाट त्यांनीच शिकवला, कवड्यांसकट. २०२० च्या टाळेबंदीत मी त्यांना कातान हा जर्मन पटाचा खेळ शिकवला, तेव्हापासून प्रत्येक डावाचे गुण वहीत लिहून ठेवतात. आता तिसरी वही चालू आहे. आपल्या पचिसीवरून जर्मनांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःचा खेळ बनवला आणि तो तिथं अजून घरोघरी खेळतात, हे कळल्यापासून "तो पट मला तिथंच विकत घ्यायचाय" असं त्यांनी ठरवून टाकलंय.

तर हॉटेल. बुधवार २१ ला पोचणार, सोमवारी २६ ला निघणार, म्हणजे पाच रात्री. सात महिने आहेत म्हणून निवांत होते, पण काल शोधायला बसले आणि घाम फुटला. एरवीच्या आठवड्यात जी खोली ७० युरोला दिसते, तीच त्या चार दिवसांत दुपटीच्या वर. २०१९ साली या मेळाव्याला २,०९,००० लोक आले होते, त्यामुळे असं होणारच हे समजतंय, तरी पोटात गोळा आलाच.

तीन पर्याय वेगळे काढलेत.

पहिला र्‍युटेनशाइडमधलं छोटं घरगुती हॉटेल. मेळाव्याच्या जागेपर्यंत (तिला मेसे म्हणतात) चालत पंधरा मिनिटं. १८५ युरो रात्रीला. पैसे आत्ताच भरायचे, रद्द केलं तर परत नाहीत. लिफ्टचा कुठंही उल्लेख नाही.

दुसरा एसेनच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ. १६० युरो, लिफ्ट आहे, आदल्या दिवशीपर्यंत फुकट रद्द करता येतं. तिथून यू-११ नावाची मेट्रो थेट मेसेला जाते.

तिसरा शेजारच्या बोखुम शहरात, स्टेशनसमोर. ८४ युरो, लिफ्ट आहे, रद्दही करता येतं. खोलीचे फोटोही सर्वांत चांगले.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात पाच रात्रींचा फरक ३८० युरोंचा, म्हणजे जवळजवळ चाळीस हजार रुपये. तेवढ्यात व्हिसाचा, विम्याचा आणि एकाच्या निम्म्या तिकिटाचा खर्च निघतो. बोखुमहून एसेनला गाडीनं फक्त दहा मिनिटं लागतात असं दिसतंय. मग दहा मिनिटांसाठी चाळीस हजार का घालायचे? पण मला सारखं वाटतंय की नकाशात न दिसणारं काहीतरी माझ्याकडून सुटतंय. कुणी जाऊन आलंय का? कुणी त्या भागात राहतं का? बाबांना चारही दिवस मजा यावी, एवढीच इच्छा आहे.

---

दहिसरकर

२०२३ ला गेलो होतो, आम्ही तिघं मित्र, बोखुमलाच राहिलो. आमच्यासाठी उत्तम होतं. सकाळी गाडी, रात्री गाडी, मध्ये नऊ तास मेसेत. पण शनिवारी संध्याकाळी आमची गाडी रद्द झाली, पुढची गच्च भरून आली. हातात खेळांच्या पिशव्या, फलाटावर गारठा, आणि दरवाजात उभं राहून बोखुम. तिशीतल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या बाबांना त्या दरवाजात उभं केलेलं मला आवडणार नाही.

---

र्‍हाइनकाठ

सोंगटी, मी ड्युसेलडॉर्फला असतो, श्पीलला सहा वेळा गेलोय. एकदा आईला घेऊन गेलो होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू "दहा मिनिटं" धरलीस ती फक्त गाडी चालते तेवढी. खरा हिशोब दारापासून दारापर्यंतचा. हॉटेलातून उतरून फलाटावर जायचं, गाडीची वाट बघायची, एसेनला उतरून त्या गर्दीतून भुयारात यू-११ पर्यंत जायचं, तिच्यात शिरायला जागा मिळवायची, मेसेच्या स्थानकावर उतरून परत वर यायचं. बोखुमहून हे सगळं पाऊण-एक तासाचं प्रकरण होतं. मुख्य स्टेशनजवळून वीस-पंचवीस मिनिटांत होतं, कारण गाडी बदलायची नाही. यू-११ मेसेला दहा मिनिटांच्या आत पोचवते.

आता हा फरक सकाळ-संध्याकाळच मोजला तर चाळीस हजार जास्त वाटतात, मान्य. पण तुझ्या बाबांना दुपारी एक ते तीन आडवं व्हायला लागणार. मेसेत खुर्च्या आहेत, पण त्या खेळायच्या टेबलांच्या, कधीच रिकाम्या नसतात. माझी आई पहिल्या दिवशी अकरा वाजता उत्साहात होती आणि दोन वाजता एका खांबाला टेकून, डोळे मिटून उभी होती. आम्ही त्या वर्षी लांब राहत होतो. परत नेणं म्हणजे त्या दिवसाचा मेळावा संपला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, तू जा, मी खोलीत बसते. ते मला अजून लागतं. हॉटेल जवळ असतं तर तिला दुपारी नेऊन चार वाजता परत आणता आलं असतं. मेळावा सातपर्यंत चालतो, रविवारी सहापर्यंत. म्हणून माझा सल्ला असा: अंतर सकाळचं बघू नकोस, दुपारचं बघ. बोखुममध्ये बाबांना दोन दिवस मिळतील. स्टेशनजवळ चार मिळतील.

परतीच्या गर्दीबद्दलही सांगतो. मेसेची दोन स्थानकं आहेत. पूर्वेकडच्या दाराशी मेसे ओस्ट, आणि त्याच्या पुढचं मेसे वेस्ट, तिथं यू-११ संपते. संध्याकाळी लोक ओस्टला गर्दी करतात. तुम्ही आतूनच पश्चिमेकडच्या दालनांतून बाहेर पडा आणि वेस्टला बसा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बाबांना जागा मिळेल. हे एक कळायला मला तीन वर्षं लागली.

पैसे वाचवायचेच असतील तर यू-११ च्या दुसऱ्या टोकाला बघ. ती उत्तरेला आल्टनएसेनवरून गेल्सेनकिर्खेनच्या हॉर्स्टपर्यंत जाते. तिकडं खोली मिळाली तर वेळ जास्त जातो पण गाडी बदलायची नाही. गुडघ्याला अंतर दुखत नाही, बदलणं दुखतं.

---

कोथिंबीर

पहिला पर्याय आजच डोक्यातून काढा. व्हिसा अजून हातात नाही ना? शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याच्या आधी नाही. अर्जाला राहण्याची सोय दाखवावीच लागते. त्यामुळे परत न मिळणारे ९२५ युरो आत्ता गुंतवणं धोक्याचं. अर्ज करताना बुकिंगवर तुमची आणि बाबांची, दोघांचीही नावं पासपोर्टसारखी लिहिलेली असू द्या. आमच्याकडे सासूबाईंचं नाव नव्हतं, तर पुन्हा कागद मागवला. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा लागतो. बाबांचं वय बघता तो स्वस्तातला घेऊ नका.

---

सोंगटी

@र्‍हाइनकाठ, तुमच्या आईचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. दुपारचा विचार मी केलाच नव्हता. बाबा घरीसुद्धा दीड वाजता आडवे होतात, रोज, लग्नकार्य असलं तरी. आणि मी सकाळ-संध्याकाळच्या गाड्यांचं वेळापत्रक बनवत बसले होते.

@कोथिंबीर, नावांचं लिहून ठेवलं. आभार.

र्‍युटेनशाइड एकदम सोडवत मात्र नाहीये. चालत पंधरा मिनिटं, म्हणजे गर्दीचा आणि गाडीचा प्रश्नच नाही. तिथं लिफ्ट असलेलं, रद्द करता येणारं काही मिळालं तर?

---

बोखुमची मावशी

अगं, मी बोखुमलाच राहते आणि तरी सांगते, इकडं राहू नकोस. जेवायला मात्र या एक दिवस दोघं.

र्‍युटेनशाइड छान आहे. मोठा रस्ता आहे, त्यावर खायची ठिकाणं ओळीनं आहेत, तुम्ही शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. पण पंधरा मिनिटं तुझी. बाबांची पंचवीस होतील आणि तीही सातनंतर अंधारात, ऑक्टोबराच्या पावसात. शिवाय जुन्या घरांतली हॉटेलं आहेत. लिफ्ट असली तरी दारापाशी पाच-सहा पायऱ्या असतात आणि लिफ्ट त्या पायऱ्यांच्या वर सुरू होते! माझ्या यजमानांच्या ऑपरेशननंतर आम्ही हे भोगलंय. म्हणून नुसतं "लिफ्ट आहे का" विचारू नको. मेल कर आणि दोन शब्द घाल: आउफत्सूग म्हणजे लिफ्ट, आणि श्टूफेनलोस म्हणजे एकही पायरी नसलेलं. रस्त्यापासून खोलीपर्यंत श्टूफेनलोस आहे का, असं विचार. इथले लोक विचारल्याला नीट उत्तर देतात.

तिसरा शब्द गेट्रेन्टे बेटन, वेगळे पलंग. इथं दोघांची खोली म्हटली की एकाच चौकटीत दोन गाद्या देतात. बापलेकीला ते अवघडायचं.

आणि खोलीत चहाची किटली असेल असं धरून चालू नको. बऱ्याच ठिकाणी नसते. छोटी इलेक्ट्रिक किटली घेऊन ये, चहा-साखर-दुधाची पावडर आण. आपला दोन बारीक पिनांचा प्लग इथं बसतो, तीन पिनांचा बसत नाही. रविवारी दुकानं बंद, फक्त मोठ्या स्टेशनातली उघडी असतात. म्हणूनही स्टेशनजवळ बरं. त्याच रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, सोमवारच्या गाडीच्या वेळा नीट बघून घे.

---

र्‍हाइनकाठ

मावशींशी सहमत. एक पैशाची गोष्ट राहिली. रविवारी संध्याकाळी मेळावा संपला की भाव उतरतात. पाचही रात्री एकत्र शोधल्या तर ते दिसत नाही. बुधवार आणि रविवार वेगळ्या टाकून बघ. बुकिंगं दोन-तीन होतील, हॉटेल तेच. त्यांना मेल करून सांग की खोली बदलू नका.

शनिवारी सर्वांत जास्त गर्दी असते. बाबांना त्या दिवशी अर्धाच दिवस ने. दुपारनंतर मुख्य स्टेशनवरून १०७ ट्रामनं त्सोलफेराइनला जा, जुनी कोळशाची खाण आहे, २००१ पासून जागतिक वारसा. वर जायला बाहेरूनच लांबच लांब सरकता जिना आहे. आयुष्यभर यंत्रांत काम केलेल्या माणसाला तिथून हलवणं अवघड जाईल.

---

सोंगटी

ताजी खबर.

काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्यासाठी एवढे पैसे नकोत, मी बोखुमला राहीन आणि उभा राहीन." मी त्यांना र्‍हाइनकाठ यांच्या आईचा भाग पुन्हा वाचून दाखवला. मग गप्प बसले आणि वही काढून हिशोब करायला लागले.

रात्री वेगळ्या करून बघितल्या. बुधवार ११८, गुरुवार ते शनिवार रात्रीला १६२, रविवार ७९. एकूण ६८३ युरो. म्हणजे बोखुमशी फरक २६३ वर आला. स्टेशनजवळचंच घेतलं, तिन्ही बुकिंगं रद्द होणारी, दोघांची नावं पासपोर्टप्रमाणे. मेल पाठवला होता तिन्ही जर्मन शब्द घालून, आज सकाळी उत्तर आलं: रस्त्यापासून खोलीपर्यंत एकही पायरी नाही, पलंग वेगळे करून देऊ, पाचही रात्री एकच खोली. किटली नाही.

किटली बाबांनी आजच आणली. मावशी, शुक्रवारी संध्याकाळी जेवायला चालेल का? व्यक्तिगत निरोप पाठवलाय. येताना सारीपाट आणि कवड्या घेऊन येतोय, तुमच्याकडे खेळायला चौघं होतील ना?