ब्लिट्झमधील लूटमार: युद्धाने माणसे बिघडवली का?

मूळ मांडणी
दुसऱ्या महायुद्धातले लंडन म्हटले की जर्मनीच्या बॉम्बवर्षावात, म्हणजेच 'ब्लिट्झ'मध्ये, एकमेकांना धीर देणारे नागरिक आठवतात. ते चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे 1939 मध्ये सुमारे 3 लाख होते. 1945 मध्ये ते सुमारे 4 लाख 78 हजारांवर गेले आणि त्यांत चोरी-घरफोडीचाच भरणा मोठा होता. 8 मार्च 1941 रोजी 'कॅफे द पारी' या नाइट क्लबवर बॉम्ब पडला, तेव्हा मृतांच्या बोटांतल्या अंगठ्यासुद्धा काढून नेल्या गेल्या. माझे मत स्पष्ट आहे: सामायिक संकट माणसांना आपोआप सज्जन करत नाही.

प्रतिसाद 1
मी असहमत आहे. आकडा वाढला म्हणजे नीतिमत्ता ढासळली, हा निष्कर्ष घाईचा आहे. 1 सप्टेंबर 1939 पासून ब्लॅकआउटमुळे (शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून उजेड झाकण्याच्या सक्तीमुळे) रस्ते अंधारात बुडाले, कुटुंबे रात्री आश्रयस्थानांत जाऊ लागली, स्फोटांनी दारे-खिडक्या उडालेली घरे उघडी पडली आणि तरुण पोलीस सैन्यात गेले. जानेवारी 1940 मध्ये बेकन, लोणी व साखरेवर आणि जून 1941 मध्ये कपड्यांवर रेशनिंग आले. त्यानंतर साध्या सदऱ्यालाही काळ्या बाजारात गिऱ्हाईक मिळू लागले. शिवाय बॉम्बने पडलेल्या घरातून काहीही उचलणे ही कायद्याने लूट ठरत होती आणि तिला मृत्युदंडापर्यंत शिक्षेची तरतूद होती, जरी त्यासाठी कोणालाही फाशी दिली गेली नाही. ढिगाऱ्यातून सरपण उचलणारा आणि सराईत घरफोड्या यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर
अंधार आणि टंचाई यांमुळे चोरी सोपी व किफायतशीर झाली, हे मान्य. परंतु लुटीच्या खटल्यांत सहायक अग्निशमन दलाचे जवान आणि बचाव पथकांतली माणसेही आरोपी होती. ज्यांच्या हाती लोकांनी विश्वासाने घर सोपवले, त्यांनीच ते धुऊन नेले असेल, तर 'परिस्थिती' हे उत्तर पुरत नाही. लंडनच्या ईस्ट एंड या गरीब कामगार वस्तीतल्या गोदी कामगाराचे घर कोसळल्यावर उरलेली दोन भांडी आणि एक घड्याळ हीच त्याची सारी मालमत्ता असे. ती गेली की त्याच्यापाशी काहीच राहत नसे.

प्रतिसाद 2
दोघांनीही मुलांना वगळले आहे. बॉम्बच्या भीतीने मुलांना गावोगावी हलवल्यामुळे शहरांतल्या अनेक शाळा मागे राहिलेल्या मुलांसाठी बंद पडल्या, वडील सैन्यात, आई कारखान्यात, आणि बालगुन्हे वाढले. पहिल्या महायुद्धातही तेच घडले होते, मात्र तेव्हा प्रौढांचे गुन्हे घटले होते. दंडाधिकारी मुलांना छडीची शिक्षा फर्मावत. न्यायालयाने दिलेली ही शिक्षा अखेर 1948 मध्ये रद्द झाली. दिवसभर मोकाट राहिलेल्या पोराच्या पाठीवर छडी ओढून कोणता प्रश्न सुटणार होता?

प्रतिसाद 1, पुन्हा
युद्धानंतरचे आकडेही पाहावेत. बॉम्ब 1945 मध्ये थांबले, तरी नोंदलेले गुन्हे 1951 मध्ये सुमारे 5 लाख 24 हजारांपर्यंत चढले आणि 1954 पर्यंत बरेच उतरले. त्याच वर्षी जुलैमध्ये रेशनिंग पूर्णपणे संपले. हा योगायोग असेलही, पण गुन्ह्यांचा आलेख बॉम्बपेक्षा बाजारातल्या टंचाईशी अधिक जुळतो, असे मला ठामपणे वाटते.