आईचा मोतीबिंदू: कंपनीची पॉलिसी आणि तिची स्वतःची, आधी कुठली लावायची?

कंबरतलाव:
आईच्या (वय ६४) दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरातच करायचंय, गड्डा (सिद्धेश्वरांची यात्रा) झाला की. एका डोळ्याचं इस्टिमेट ५८,०००, साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) लेन्स. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मोतीबिंदूला डोळ्यामागे ३०,००० ची मर्यादा, को-पे (क्लेममधला आपण भरायचा ठराविक टक्का) नाही. आईची स्वतःची आरोग्य संजीवनी (सगळ्या कंपन्यांकडे सारखीच मिळणारी प्रमाणित आरोग्य विमा पॉलिसी) ३ लाखांची, तिसरं वर्ष चालू. ग्रुपमध्ये चष्म्यासाठी ओपीडीचे (दाखल न होता होणाऱ्या खर्चाचे) ५,००० वेगळे आहेत. दोन्हीकडे क्लेम चालतो का? आधी कुठे टाकू?

सातरस्ता:
चालतो. आधी कुठली वापरायची ते तुम्ही ठरवायचं, विमा कंपनीने नाही. झालेल्या खर्चाच्या वर मात्र एक रुपया मिळत नाही. संजीवनीत मोतीबिंदूला २४ महिने थांबावं लागतं, ते तुमचे झालेत. मध्ये विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव भागाचे २४ महिने तिथून मोजतात.

आधी संजीवनी लावा. मर्यादा विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांत जे कमी ते, म्हणजे ४०,०००. ५ टक्के को-पे जाऊन ३८,०००. उरलेले २०,००० ग्रुपच्या ३०,००० त सहज बसतात. उलटं केलंत तर ग्रुपचे ३०,००० आधी, मग २८,००० वर संजीवनीचा को-पे, म्हणजे १,४०० खिशातून.

आणि दोन्ही डोळे एकाच पॉलिसी वर्षात उरका. मर्यादा प्रत्येक डोळ्याला वेगळी असते, त्यामुळे दुसरा डोळा पुढच्या वर्षावर ढकलून काही वाचत नाही. उलट क्लेम झालेल्या वर्षी बोनस (क्लेम नसलेल्या वर्षांमुळे वाढलेली विमा रक्कम) ५ टक्क्यांनी उतरतो, तो दोनदा उतरेल. नूतनीकरणाची तारीख आजच बघा.

होटगीकर:
हिशोब बरोबर, पण चौदाशेसाठी कॅशलेस (विमा कंपनीने दवाखान्याला थेट पैसे देणं) सोडू नका. ग्रुपची कॅशलेस त्या दवाखान्यात असेल आणि संजीवनीची नसेल, तर सरळ ग्रुप आधी. ऑपरेशनच्या ४८ तास आधी दोन्हीकडे कळवून ठेवा, दुसरीकडेसुद्धा.

घोडं अडतं ते कागदांवर. लेन्सच्या डबीतलं स्टिकर, ज्यावर मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो, ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या. ए-स्कॅनचा (लेन्सची पॉवर ठरवणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट जोडा. डिस्चार्ज कार्डावर उजवा आणि बिलात डावा असं झालं की क्वेरी आलीच, म्हणून काउंटरवरच वाचून बघा. ओरिजिनल पहिल्या कंपनीकडे जातात, तेव्हा त्याआधी सगळ्याच्या झेरॉक्सवर दवाखान्याचा सही-शिक्का घ्या. दुसरीला त्या झेरॉक्स आणि पहिलीचं सेटलमेंट लेटर द्यायचं, कुठे किती कापलं त्याच्या तपशिलासह. २०२४ च्या नियमाने उरलेल्या रकमेसाठी दुसऱ्या कंपनीशी बोलायचं काम पहिलीचंच आहे. तरी तुम्ही फाइल घेऊन तयार राहा की.

दवाखाना छोटा असला तर ‘दहा खाटा नाहीत’ म्हणून घाबरू नका. मोतीबिंदू डे-केअरमध्ये (त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत) येतो आणि डे-केअर सेंटरला खाटांची अट नाही. नोंदणी, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रुग्णांचं रेकॉर्ड लागतं. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.

कंबरतलाव:
चष्म्याचं बिल पण यातच टाकू का? आणि डॉक्टर मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दिसणारी) लेन्सही सुचवायलेत.

सातरस्ता:
मल्टिफोकल घेतलीत तरी मर्यादा तीच, वरचा फरक तुमचा.

चष्मा ऑपरेशनच्या क्लेममध्ये टाकलात तर कापला जाईल, तो फक्त ओपीडीत. ऑपरेशननंतरचे ड्रॉप मात्र ऑपरेशनच्याच क्लेममध्ये. संजीवनीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात. एकच बिल दोन्हीकडे लावू नका. चष्म्याची घाई नको, नंबर बसायला चार-सहा आठवडे जातात, आणि दुसरा डोळा झाल्यावर नंबर पुन्हा तपासावा लागतोच. फक्त ओपीडीचे ५,००० ग्रुपचं वर्ष संपलं की बुडतात का, ते एचआरला आधी विचारा. बिल आईच्या नावावर, सोबत नंबरची चिठ्ठी. काळ्या गॉगलचे पैसे त्यात घुसवू नका.