मदत हवी आहे: जड पाणी, भाड्याचं घर आणि सॉफ्टनर

उपनगरात राहतो. नळाला धरणाचं आणि बोअरचं पाणी मिसळून येतं, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कधी २१० तर कधी ४८०. पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, म्हणून जडपणा तपासायच्या पट्टीने तो वेगळा तपासला: लिटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅम.

पाणी उकळून पाहिलं. तळाला पांढरा थर बसतो, तरी साबणाला फेस येत नाही. म्हणजे सगळा जडपणा उकळून जाणारा नाही. शॉवरची जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली की मोकळी होते, पंधरा दिवसांत पुन्हा बुजते. गीझरची कॉइल तर विचारूच नका. प्यायला आरओ आहे, त्याची काळजी नाही.

अडचण अशी की घर भाड्याचं, मुख्य पाइप कापता येणार नाही. शिवाय रेझिनचा सॉफ्टनर (जडपणा काढणारं यंत्र) पाण्यातल्या कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम सोडतो (३०० जडपणाला लिटरमागे अंदाजे १३८ मिलिग्रॅम), आणि घरात एकाला मीठ वर्ज्य आहे. म्हणून स्वयंपाकघराचा नळ तसाच ठेवायचा आहे.

फक्त गीझर आणि वॉशिंग मशीनच्या तोंडाशी पॉलिफॉस्फेटचा (क्षारांचा थर बसू न देणारा) छोटा फिल्टर लावला, तर एवढ्या जडपणाला तो पुरतो का, की गरम पाण्यात त्याचा असर जातो आणि छोटा रेझिन सॉफ्टनरच घ्यावा लागेल? कोणी वर्षभर तरी वापरलाय का?