टँकरच्या पाण्याचं वाईन-रसग्रहण : पुरे करा आता

खडीसाखर :
काल इथं अर्धाकटिंग यांनी ‘टँकर, एप्रिल’ नावाचं, वाईनची चव वर्णन करतात त्या थाटात टँकरच्या पाण्याचं रसग्रहण टाकलं. ज्यांचं हुकलं त्यांच्यासाठी मासला : “रंग फिकट गढूळ, कडेला हिरवट झाक. नाकाशी नेल्यावर आधी रबरी पाइप, मागोमाग ओलं गोणपाट आणि दूर कुठंतरी चिंचेचा पाला. टाळूवर मध्यम वजनाचं. फिनिश लांब, थेट दवाखान्यापर्यंत. सोबत काय घ्यावं : ओआरएस.” खाली नुसता हशा. गेल्या महिन्यात असंच एसटीच्या मागच्या बाकाचं रसग्रहण होतं, त्याआधी हॉस्टेलच्या आमटीचं, त्याआधी पावसाळ्यात न वाळलेल्या मोज्यांचं.

माझा वैताग असा की हे मंगलाष्टकांसारखं झालंय. चाल ठरलेली, शेवटची ओळ ठरलेली, मध्ये वधूवरांची नावं बदलायची. दोन फळं, एक चामडं, एक घाणेरडी वस्तू, मग ‘फिनिश’, म्हणजे घोट गिळल्यावर मागं रेंगाळणारी चव. बरं, ही थट्टाही आपली नाही. १९३७ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये जेम्स थर्बरचं व्यंगचित्र आलं होतं. जेवणाच्या टेबलावर यजमान साध्यासुध्या वाईनची तारीफ कुणाच्या तरी घराण्याबद्दल बोलावं तशी करतोय. ते हसू त्या टेबलावरच्या माणसांचं होतं. घरात वाईन होती, ती मिरवणारा काकाही होता. आपल्याकडे वाईन नाही, काका नाही, नुसतं मिरवणं आयात केलं आणि त्याची टिंगलही आयात केली.

आणि ‘टाळूवर मध्यम वजनाचं’ हे कुठल्या गावचं मराठी? आपल्याकडे खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, ओशट, हिंवस, वशट, तुरट, सपक, अळणी, पाणचट, फुळकवणी इतके शब्द पडलेत. तुमच्या सगळ्या टँकरला आमची आजी एका शब्दात मोकळी झाली असती : मचूळ. एक घोट, एक शब्द, भांडं उलटं.

अर्धाकटिंग :
खडीसाखर, एवढं लांबलचक लिहिलंत म्हणजे पोस्ट तीनदा तरी वाचलीत. आभार.

विडंबन वाईनचं नाहीच हो. विडंबन आहे त्या माणसाचं, जो साध्या गोष्टीला मखरात बसवतो. तो तुम्हाला मिसळीच्या रांगेत भेटतो, फिल्टर कॉफीवाल्याकडे भेटतो, आंब्याच्या पेटीपाशी तर हमखास. ‘टाळूवर मध्यम वजनाचं’ हे वाईट मराठी आहे, म्हणूनच ते तिथं आहे. नाटकातल्या विनोदी शास्त्रीबुवांना तुम्ही शुद्धलेखन शिकवाल काय?

आणि मचूळ म्हणजे खारट. आमचं टँकरचं पाणी खारट नव्हतं, कुबट होतं. आजीला नमस्कार सांगा, पण शब्द चुकला.

दिंडोरीकर :
मी सहसा लिहीत नाही. पण वाईनचं नाव निघालं की सगळे हसायला मोकळे, आणि ती पिकवणारा इथं एकटा मीच दिसतोय.

वडलांनी दीड एकर शेनिन ब्लां लावला होता. वाईनचं द्राक्ष तुम्ही बहुतेकांनी खाल्लेलं नसणार. बारीक मणी, जाड साल, आत बिया. बाजारात कुणी विचारत नाही. एकदा लावलं की गिऱ्हाईक एकच, वायनरी. २००९च्या मंदीत त्या गिऱ्हाइकानं हात वर केले आणि पुढच्या वर्षी आम्ही बाग उपटली. तारा, अँगल सगळं भावाच्या टेबल ग्रेपकडं, म्हणजे खायच्या द्राक्षांकडं गेलं. २०२२च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा वाटलं आता काहीतरी होईल. तर ‘किराणा दुकानात दारू’ म्हणून एवढी बोंब झाली की विषय तिथंच लटकला. तेव्हाही विनोद भरपूर झाले. तूरडाळीसोबत कोणती वाईन वगैरे. माझे काका त्या विनोदांवर हसत होते. त्यांच्याकडेही अर्धा एकर होता.

चवीचं म्हणाल तर मी पुढं तीन वर्षं सेलरमध्ये, म्हणजे वायनरीत वाईन मुरवतात तिथं, काम केलं. तुमचा विनोद खऱ्याच्या मागेच राहतो. साव्हिन्यो ब्लां नावाच्या पांढऱ्या वाईनला मांजराच्या मुताचा वास येतो हे जाणकार कौतुकानं सांगतात. रीसलिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाईनला रॉकेलचा. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल नावाच्या बाईंनी १९८४ साली वासांचं चक्र काढलं. त्यात ओला पुठ्ठा आहे, ओलं कुत्रं आहे, लवंग आहे, ढोबळी मिरची आहे. ते कशासाठी केलं? तर ‘खानदानी’, ‘उमदी’ असले पोकळ शब्द जाऊन दोन माणसांना एकच गोष्ट दाखवता येईल असे शब्द यावेत म्हणून. म्हणजे अर्धाकटिंग, तुमचं गोणपाट तिथं चालेल. चिंचेच्या पाल्याला बघावं लागेल.

शून्यप्रहर :
दादा, बागेचं वाईट वाटलं, पण सगळं थोतांड आहे. २००१मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशेचा प्रयोग छापून आला. वाईनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली. ते लाल फळांची नावं घ्यायला लागले. २००८मध्ये रॉबर्ट हॉजसनचा अभ्यास छापून आला. त्यानं कॅलिफोर्निया स्टेट फेअरमधल्या वाईन स्पर्धेच्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनतीनदा दिली. स्वतःच्याच गुणांच्या आसपास राहिलेले साधारण दहातला एक. आता बोला.

दिंडोरीकर :
बोलतो. डोळ्यानं जीभ फसते हे कुणीही सांगेल. पिवळा रंग टाकलेला गूळ तुम्हीच आधी उचलता. म्हणून गूळ थोतांड झाला का? गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतल्या रसाची गोळी पाण्यात टाकून बोटानं बघतो आणि सांगतो उतरवा. दोन मिनिटं चुकलं तर आख्खं आधण वाया. त्याला शंभरातले गुण द्यायला सांगितले तर तोही रोज वेगळे देईल. गुण देणं थोतांड असेल, चाखणं नाही. आम्ही तोडणीच्या आधी मणी चावून बी बघायचो. बी तपकिरी आणि कुरकुरीत झाली पाहिजे. ब्रिक्सचं, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र खिशात असायचंच, तरी.

खाडीकाठ :
गूळ राहू दे. वर कुणीतरी मचूळ म्हणजे खारट म्हणालं. नाही. खारट ते खारट. मचूळ म्हणजे खारट व्हायच्या बेतात असलेलं, गोडंही नाही नि खारंही नाही. जिभेच्या कडेला कळतं, मध्ये कळत नाही.

माणदेशी :
कोण म्हणतंय? आमच्याकडं मचूळ म्हणजे नुसतं सपक. पाणी उकळून गार केलं की मचूळ लागतं. मिठाचा काय संबंध? आमच्यापासून समुद्र कुठं नि आम्ही कुठं! आजारी माणसाला उकळलेलं पाणी दिलं की तो तोंड वाकडं करून म्हणतो, मचूळ लागतंय. झालं.

खाडीकाठ :
मग तुमच्याकडे शब्द पोचेपर्यंत त्यातलं मीठ सांडलं असेल.

माणदेशी :
आणि तुमच्याकडं पाणीच एवढं पडतंय की शब्दाची किंमत नाही. आम्ही दुष्काळात टँकरच्या मागं हंडे घेऊन पळालेली माणसं. पाण्याची चव आम्हाला शिकवू नका.

खाडीकाठ :
पाऊस पडतो म्हणून पाणी असतं हा घाटावरचा जुना गैरसमज. चार महिने छपरावरून वाहून जातं, मार्चपासून आम्हीही हंडेच घेऊन उभे.

सचिव_बी_विंग :
विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या सोसायटीत दहा हजार लिटरचा टँकर म्हणून सांगतात आणि टाकीत पट्टी बुडवून पाहिलं तर कधी साडेआठ, कधी आठ. विचारलं तर म्हणे पाइपात राहतं. दीड हजार लिटर पाइपात? वर पावती मागितली की ‘पुढच्या फेरीला’. कुणाला चांगला टँकरवाला माहीत आहे का? कुबट चालेल, मापात पाहिजे.

खडीसाखर :
सचिव, कृपया. मूळ मुद्दा भाषेचा आहे.

सचिव_बी_विंग :
भाषेनं टाकी भरत नाही, मॅडम.

प्रयोगवही :
कुबट वासाबद्दल थोडं. साठलेल्या पाण्याला तो मातकट वास येतो तो बहुतेकदा जिओस्मिनचा. काही जिवाणू आणि पाण्यातलं नीलहरित शेवाळ ते तयार करतात. आपलं नाक याबाबतीत भयंकर तीक्ष्ण आहे, अब्जात काही सहस्रांश भाग इतकं असलं तरी कळतं. गंमत अशी की पहिल्या पावसाच्या मृद्‌गंधात हेच असतं, ज्याला १९६४ साली ‘नेचर’मध्ये पेट्रिकोर हे नाव मिळालं. बीटाच्या मातकट चवीतही हेच. आणि वाईनमध्ये आलं तर तो दोष धरतात. एकच रेणू. अंगणात आला की कविता, पेल्यात आला की तक्रार.

शून्यप्रहर :
म्हणजे अर्धाकटिंगनी लिहिलं ते वैज्ञानिकदृष्ट्या बरोबर होतं?

प्रयोगवही :
गोणपाटापर्यंत.

आजेसासूचा_पाटा :
सगळे पुरुष बोलून झाले असतील तर. पाण्याची चव तुम्ही पिऊन ठरवताय, आम्ही शिजवून ठरवतो. लग्न होऊन आले त्या वर्षी बोअरचं पाणी होतं. तूरडाळ तीन तास चुलीवर, दाणा तसाच टणक. सासूबाईंना वाटलं सुनेला डाळ शिजवता येत नाही. दीड महिना ऐकून घेतलं. मग एक दिवस मामंजींनी गावाबाहेरच्या आडाचं पाणी आणलं आणि डाळ वीस मिनिटांत मऊ. सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून आडाचं पाणी यायला लागलं. तर टाळूबिळू राहू द्या. जड पाणी, हलकं पाणी एवढं कळलं तरी पुष्कळ.

माणदेशी :
वहिनी, हे बाकी खरं बोललात. आमच्याकडं जड पाण्याचा चहा केला की वर तवंग धरतो.

खाडीकाठ :
वहिनींनी आडाचं काढलं म्हणून लिहितो, नाहीतर गप्प बसणार होतो.

आमची विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. आषाढात पाणी वर येतं, हातानं घ्यावं इतकं, पण त्याला कुजक्या पाल्याची आंबूस चव. भाद्रपदात निवळतं. दिवाळीला सगळ्यात गोडं, नुसतं प्यावं. पौषात दातांना लागतं. होळीनंतर बिघडायला सुरुवात, आणि वैशाखात उधाणाची भरती असली की त्या दोन दिवसांत मचूळ. अमावास्या पुनव कॅलेंडरात बघायची गरज नाही, सकाळचा चहा सांगतो. आमची आई कळशी विहिरीत टाकत नसे, ठेवत असे. आपटली की वरचं गोडं आणि खालचं खारं मिसळतं. कळशी आडवी करून वरचं वर भरायची, वेळ लागायचा, पण घरात पिण्याला तेच. शेजारच्यांनी पंप बसवला आणि दोन उन्हाळ्यांत खालचं खारं वर आलं, त्यांचंही नि आमचंही. आता मे महिन्यात आमच्याकडेही टँकर येतो. त्याला मचूळ म्हणत नाही मी. मचूळ पाण्याला निदान जागा असते. टँकरचं कुठलं ते कळतच नाही.

माणदेशी :
दादा, तुमचा मचूळ तुम्ही ठेवा, आमचा आम्ही. पण कळशी ठेवायची हे मी घरी सांगणार.

खडीसाखर :
बघा. खाडीकाठ यांनी एकदाही ‘फिनिश’ म्हटलं नाही. मी हेच म्हणत होते.

अर्धाकटिंग :
म्हणजे मी महिन्याचं नाव घालून पाण्याबद्दल लिहिलं तर आयात थट्टा, दादांनी महिन्यांची नावं घालून पाण्याबद्दल लिहिलं तर अस्सल? वाईनवाले तरी दुसरं काय करतात? साल, जागा, ऊन, पाऊस आणि तोंडात काय लागलं. मला तर दादांचं लिखाण वाईनच्या पुस्तकातलंच वाटलं, फक्त बाटली नव्हती.

दिंडोरीकर :
हे आधी म्हणाला असतात तर मी बाग उपटल्याची गोष्ट सांगितलीच नसती.

खडीसाखर :
बरं. ‘थेट दवाखान्यापर्यंत’ला हसले होते. मोठ्यानं हसले होते, नवऱ्यानं आतून विचारलं काय झालं म्हणून. एवढंच कबूल. मोज्यांचं मात्र भिकार होतं.

अर्धाकटिंग :
मोजे माझे नव्हते.

खडीसाखर :
आमटी तरी तुमचीच ना?

अर्धाकटिंग :
आमटी माझी. आमटीवर शब्द ऐकून घेणार नाही. चार वर्षं खाल्लीय ती. तळाशी हात घातला तर डाळ सापडायची, पण हात घालायची हिंमत नव्हती. तुमच्या यादीतला फुळकवणी तिथं वापरायला हवा होता, हे आत्ता सुचतंय.

खडीसाखर :
वापरा. उसना देते.

सचिव_बी_विंग :
खाडीकाठ, एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो म्हणालात. तो मापात देतो का? नंबर मिळेल?