गणित शिकवणाऱ्याने आधी स्वतः अडायला हवे का?

धागाकर्ती: पाटीपेन्सिल

प्राथमिक वर्गांना शिकवू इच्छिणाऱ्या छात्राध्यापकांना मी गेली काही वर्षे गणित-अध्यापन हा विषय शिकवते. लहान मुलांना गणित उदाहरणे सोडवण्यातून शिकवावे, ही गोष्ट आता कोणी नाकारत नाही. निदान पाठ टाचणात तरी सगळे तसेच लिहितात. माझी तक्रार वेगळी आहे. ही पद्धत आपण शिक्षकांना व्याख्यान देऊन शिकवतो. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली मांडलेल्या चार पायऱ्या, म्हणजे उदाहरण समजून घेणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे, तक्त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून घेतल्या जातात, परीक्षेपुरत्या पाठ होतात, आणि प्रशिक्षणाचे वर्ष संपते तेव्हा एकही छात्राध्यापक एखाद्या उदाहरणापाशी स्वतः खऱ्या अर्थाने अडलेला नसतो.

मागच्या सत्रात मी तक्ता बाजूला ठेवला आणि पाचापाचाचे गट करणारी अंकपद्धती फळ्यावर मांडली. तिच्यात 32 म्हणजे तीन पंचके आणि दोन सुटे. या पद्धतीत 32 मधून 14 वजा करा, मात्र दहाच्या पद्धतीत रूपांतर करायचे नाही, एवढेच सांगितले. पहिली दहा मिनिटे वर्गात अवघडलेली शांतता होती. एकीने वहीच्या कोपऱ्यात काड्या काढून त्यांना पाचापाचाची वेटोळी घातली. एक जण टेबलाखाली बोटे मोजत होता. माझे लक्ष गेल्याबरोबर त्याने हात मागे घेतला. अनेकांनी सवयीने दहा उसने घेतले आणि 18 असे उत्तर काढले. पाचाच्या पद्धतीत 8 हा अंकच नसतो, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. उत्तर 13 येते, म्हणजे एक पंचक आणि तीन सुटे. पण त्या तासाची खरी कमाई उत्तरात नव्हती. ज्याने हात मागे घेतला होता, तोच नंतर म्हणाला की सराव पाठाच्या वेळी बोटे मोजणाऱ्या मुलीला त्याने आदल्याच आठवड्यात टोकले होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की गणित-अध्यापनाच्या निदान एक तृतीयांश तासांत छात्राध्यापकांनी अपरिचित उदाहरणे स्वतः सोडवावीत, अडावे, एकमेकांच्या रीती ऐकाव्यात, आणि त्यानंतर एकेका मुलाजवळ बसून ते कसा विचार करते हे न टोकता टिपून घ्यावे. पद्धतींची नावे आणि व्याख्या नंतरही शिकता येतात. आपली मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

प्रतिसाद 1: सरळरेघ

विरोधी मत मागितले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. आपला पंचकांचा तास रंजक आहे, पण त्यातून निष्पन्न झाली ती सहानुभूती. गणित किती आले, हा प्रश्न उरतोच. अडणे म्हणजे शिकणे नव्हे. स्वेलर आणि कूपर यांनी 1985 साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते, की नवशिक्या विद्यार्थ्यांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला दिली, तर ते कमी वेळात शिकतात आणि पुढे त्याच धर्तीच्या उदाहरणांत चुकाही कमी करतात. नवख्या माणसाचे सारे लक्ष चाचपडण्यातच खर्ची पडते आणि उदाहरणाच्या रचनेकडे पाहायला काही शिल्लक राहत नाही, ही त्यामागची कारणमीमांसा मला पटते.

दुसरे असे, की आपल्याकडे येणाऱ्या छात्राध्यापकांचे मूळ गणितच कच्चे असेल, तर त्यांच्या हाती खुली उदाहरणे देऊन काय साधणार? लिपिंग मा यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पावणेदोन भागिले अर्धा हा भागाकार शिक्षकांना दिला होता. अमेरिकेतील 23 शिक्षकांपैकी 21 जणांनी तो करून पाहिला आणि त्यांतील फक्त 9 जणांचे उत्तर पूर्णपणे बरोबर आले. चीनमधील सर्व 72 शिक्षकांनी तो बिनचूक केला, आणि त्यांतील 65 जणांना त्या भागाकाराला साजेसे शाब्दिक उदाहरणही रचता आले. आधी विषय पक्का करा. ज्याला उत्तराचा ताळा घेता येत नाही, तो मुलांनी काढलेल्या पाच रीतींपैकी कोणती बरोबर हे कशाच्या जोरावर ठरवणार?

प्रतिसाद 2: हातचा_एक

मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. सरळरेघ यांचा शेवटचा प्रश्न मला रोज भेटतो, पण त्यातून माझा निष्कर्ष उलटा निघतो.

52 वजा 17 हे उदाहरण होते. एका मुलाने लिहिले: 50 मधून 10 गेले, 40, 2 मधून 7 जात नाहीत, 5 कमी पडतात, 40 मधून ते 5 काढले, 35. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी यावर लाल रेघ मारली असती, कारण यात उसना घेतलेला दशक कोठेच दिसत नाही. मला वजाबाकी येत नव्हती असे नाही. उलट मला ती एकाच रीतीने इतकी पक्की येत होती, की दुसरी रीत नजरेला पडली तरी ती चूकच वाटे. तेव्हा विषयाचे ज्ञान हवे हे कबूल, पण ते कोणत्या प्रकारचे हवे, हे आधी ठरवावे लागेल. ली शुल्मन यांनी 1986 साली विषयाचे ज्ञान आणि तो विषय शिकवण्यासाठी लागणारे विषयज्ञान यांत जो फरक केला, तो या लाल रेघेपाशी मला समजला.

जाता जाता आणखी एक. प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते, की शाब्दिक उदाहरणात 'एकूण' दिसले की बेरीज आणि 'उरले' दिसले की वजाबाकी. ही सोय किती घातक आहे ते पाहा: 'काही मणी होते, त्यांतले 5 हरवले, आता 8 उरले, तर सुरुवातीला किती होते?' माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी 3 असे उत्तर दिले. मुलांनी खूणशब्द प्रामाणिकपणे पाळला होता. खूण देणारी मी होते.

प्रतिसाद 3: त्रैराशिक

खूणशब्दांवरून आठवले. 1979 च्या सुमारास फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील संशोधकांनी प्राथमिक शाळेतील 97 मुलांना विचारले होते, की जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 76 मुलांनी दिलेल्या संख्यांची जुळवाजुळव करून उत्तर दिले. हे सगळेजण हसत हसत सांगतात, पण त्या मुलांची काही चूक होती असे मला वाटत नाही. शाळेतील प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या सर्व संख्या वापरूनच येते, हा अलिखित नियम त्यांनी कोणाकडून तरी शिकलेला होता.

मूळ मुद्द्याबद्दल बोलायचे, तर अडण्याचा अनुभव एकदाच द्यावा आणि पुढे शिक्षकाला वर्गात एकटे सोडावे, हे मला अपुरे वाटते. जपानमधील पाठ-अभ्यासाची पद्धत इथे अधिक उपयोगी ठरेल. तिथे काही शिक्षक मिळून एकाच पाठाची तयारी करतात, मुले कोणकोणत्या रीतींनी विचार करतील याचा अंदाज आधीच लिहून काढतात, मग एक जण शिकवतो, बाकीचे मुलांच्या वह्यांकडे पाहत टिपणे घेतात आणि शेवटी सर्वजण त्या पाठाची चिरफाड करतात. मुलांच्या रीती फळ्यावर कोणत्या क्रमाने मांडायच्या, हाही तिथे तयारीचा भाग असतो. साध्या रीतीकडून नेमक्या रीतीकडे नेणारी ती चर्चा आयत्या वेळी सुचत नाही.

प्रतिसाद 4: सरळरेघ

हातचा_एक यांचे 52 वजा 17 चे उदाहरण मी मान्य करतो. ती रीत ओळखू न येणे ही विषयज्ञानातीलच त्रुटी आहे, असे मी म्हणेन. पण कोणताही विचारी माणूस सोडवलेली उदाहरणे एकाच रीतीची द्या असे म्हणत नाही. तीच वजाबाकी चार रीतींनी सोडवून छात्राध्यापकांसमोर ठेवा, त्यांची तुलना करून घ्या. त्यासाठी त्यांना अडवण्याची गरज काय?

आता मुलांकडे वळतो, कारण शेवटी तयारी त्यांच्यासाठी आहे. आधी उदाहरण आणि मग शिकवणे चांगले, की आधी शिकवणे आणि मग उदाहरण, यावर तन्मय सिन्हा आणि मनु कपूर यांनी 2021 साली 53 अभ्यासांतील 166 तुलनांचा एकत्रित आढावा घेतला. एकंदर कौल 'आधी उदाहरण' या बाजूने पडला, हे मी लपवत नाही. मात्र दुसरी ते पाचवीच्या मुलांबाबत कल उलटा होता. तिथे आधी शिकवणे सरस ठरले. कपूर हे स्वतः 'आधी उदाहरण' या मताचे पुरस्कर्ते आहेत, म्हणून या नोंदीला मी अधिक वजन देतो. आपण ज्या वयाच्या मुलांसाठी शिक्षक घडवत आहात, नेमक्या त्याच वयाला ही पद्धत मानवत नसेल, तर मग?

प्रतिसाद 5: पाटीपेन्सिल

सरळरेघ, हा आक्षेप वजनदार आहे. त्या आढाव्यात नवी संकल्पना शिकण्याच्या दोन क्रमांची तुलना आहे, हे मात्र लक्षात घ्यावे. पहिलीतल्या मुलाला 'सात मणी होते, आणखी काही मिळाले, आता अकरा झाले' हे उदाहरण देतो, तेव्हा त्याला नवी संकल्पना शोधून काढायला सांगत नसतो. मिळणे, देणे, वाटणे या क्रिया शाळेत येण्यापूर्वीच त्याच्या हाताखालून गेलेल्या असतात. ते सात मणी मांडते, अकरा होईपर्यंत भर घालते आणि मग भर घातलेले मोजते. अपूर्णांकांच्या भागाकाराला असा आधार नसतो. तिथे आधी दाखवावे लागेल, हे मी मान्य करते, आणि धाग्यात हा भेद केला नव्हता, ही माझी चूक.

शिक्षकांच्या तयारीबद्दल मला दिशा मिळाली ती कार्पेंटर आणि फेनेमा यांच्या गटाच्या 1989 सालच्या प्रयोगातून. पहिलीच्या 40 शिक्षकांपैकी निम्म्यांना चार आठवड्यांच्या कार्यशाळेत बेरीज-वजाबाकीच्या उदाहरणांचे प्रकार आणि मुले ती कोणकोणत्या रीतींनी सोडवतात, एवढेच दाखवले होते. वर्गात कसे शिकवायचे हे सांगितले नव्हते. वर्षभर त्या शिक्षकांनी उदाहरणांना अधिक आणि पाठांतराला कमी वेळ दिला, तरीही त्यांच्या मुलांना बेरीज-वजाबाकीची तोंडी तथ्ये दुसऱ्या गटापेक्षा अधिक चांगली आठवत होती. म्हणजे कार्यशाळेचा विषय मुलांचा विचार हा होता. आपण सुचवलेल्या चार सोडवलेल्या रीती मी आनंदाने घेईन, फक्त त्या मुलांच्या वह्यांतून आलेल्या असाव्यात.

अडण्याची गरज काय, याचे माझे उत्तर तेवढेच राहते: पावणेदोन भागिले अर्धा याला साजेसे उदाहरण रचा म्हटले, की वर्गातील बरेच जण पावणेदोनाचे दोन सारखे वाटे करतात. अर्धे करणे आणि अर्ध्याने भागणे यांतला फरक मी आधी समजावून सांगते, त्या वर्षी सर्वजण माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा वाटेच करतात. पावणेदोन मीटर दोरीतून अर्ध्या मीटरचे साडेतीन तुकडे निघतात, हे स्वतः दोरी हातात घेऊन, चिडून, शेवटी उमगते, त्या वर्षी ही चूक कमी होते. हा माझ्या वर्गापुरता अनुभव आहे, पुरावा नव्हे.

प्रतिसाद 6: सरळरेघ

अपूर्णांकांचा अपवाद आपण मान्य केलात, पण दोरीचे उदाहरण मात्र अपूर्णांकांचेच दिलेत. मोठ्यांना तिथे अडू द्यायचे आणि मुलांना अडू द्यायचे नाही, असा याचा अर्थ होतो. कदाचित तेच बरोबरही असेल. एकेका मुलाजवळ बसून टिपणे घेण्याची सूचना मला पटली. ती मी आमच्या पुढच्या सत्रात आणणार आहे. मात्र एका मुलाजवळ अर्धा तास बसलेला छात्राध्यापक जेव्हा चाळीस मुलांसमोर उभा राहील आणि चाळीस वह्यांत नऊ निरनिराळ्या रीती दिसतील, त्या तासाची तयारी त्रैराशिक यांनी सांगितलेल्या सामूहिक पाठाखेरीज कोठे होते, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही.

प्रतिसाद 7: हातचा_एक

नऊ नसतात. दुसरीच्या वर्गात वजाबाकीच्या साधारण तीन-चार रीती दिसतात, बाकी सगळी त्यांचीच अर्धवट रूपे. हे मला प्रशिक्षणातच कोणी सांगितले असते, तर पहिल्या वर्षी त्या वर्गाची एवढी धास्ती वाटली नसती.