चोर्ला घाट, धुरकट काच आणि अण्णांचा कागद

३०२ वैनी: काल गोव्याहून येताना चोर्ला घाटात जीव मुठीत धरून आलो बघा. काच आतनं सारखी धुरकट. साखळी गाव सोडल्यापासनं कणकुंबीपर्यंत मी फडक्यानं पुसतेय आणि हे चालवताहेत. धाकट्याला दोनदा उलटी. गाडी दाखवायला पाहिजे काय?

सेक्रेटरीकाका: एसी लावला नव्हता?

३०२ वैनी: पावसात एसी कशाला ओ? थंडी वाजते.

४०१: वैनी, काचेला कापलेला बटाटा चोळा. यूट्यूबवर आहे.

तळमजला अण्णा: बटाटा भाजीत घाला. वैनी, एसीजवळची ती खिट्टी कुठं आहे? गाडीच्या चित्रात आत वळलेला बाण, तिकडं काय?

३०२ वैनी: कायम तिकडंच. उसाच्या सीझनला ट्रॅक्टरमागं धूळ-धूर येतो म्हणून ह्यांनी सरकवली, ती तशीच.

तळमजला अण्णा: मग गाडी ठीक आहे. उद्यमबागेत ३० वर्षं गाड्या उघडण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

गाडीत हवा शिरते ती वायपरखालच्या जाळीतनं. जागा मुद्दाम निवडलेली. बॉनेटवरनं आलेला वारा काचेच्या पायथ्याशी अडतो, तिथं दाब वाढतो, म्हणून पंखा बंद असला तरी पळत्या गाडीत थोडी हवा येतेच. ती मागं जाते आणि डिकीच्या बाजूला, बंपरआड लपलेल्या रबरी झडपांतनं बाहेर पडते. झडपा बाहेरच्याच बाजूला उघडतात. सगळ्या काचा लावून दार आपटलं की कानात दडा बसतो ना? ती हवा त्याच झडपांकडं पळत असते. एक काच उघडी ठेवून दार लावा, अलगद लागतं.

बाण आत वळवला की जाळीची वाट बंद. पाच माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या, पायाखालचं भिजलेलं मॅट, सगळा दमटपणा आतच घोटाळतो आणि पावसानं गार झालेल्या काचेवर बसतो. एसीच्या आतल्या गार जाळीवर हवेतलं पाणी गळून पडतं. गाडीखाली थेंब दिसतात ते तेच. तेव्हा पावसात एसी चालू, बाण बाहेर, वारा काचेवर. थंडी वाजली तर नॉब लालकडं. एसी चालू असतानाही गरम हवा घेता येते, हे निम्म्या बेळगावला ठाऊक नाही.

४०१: काय सांगूलाय अण्णा! पण माझं उलटंच होतं. जांबोटीजवळ एसी फुल असून काच धुरकट, पुसली तरी जात नाही.

तळमजला अण्णा: वारा काचेवर सोडला असशील. काच गार, बाहेर दमट, मग पाणी बाहेरनं बसतं. आतनं घासून काय होणार? वायपर मार आणि गारवा कमी कर. आधी बोट फिरवून बघायचं, कुठल्या बाजूला आहे ते.

३०२ वैनी: आणि उलटी?

तळमजला अण्णा: वळणांची असणार. पण कोंदट हवेनं भर घातली. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतो. बाण आत ठेवून पाच जण बसले की थोड्या वेळात काही हजारांवर जातो. डोकं जड, चालवणाऱ्याला पेंग. ट्रॅक्टर गेला की खिट्टी परत सरकवायची.

सेक्रेटरीकाका: आम्ही आपलं काचा उघडतो. पुढनं येतं, मागनं जातं.

तळमजला अण्णा: काका, बऱ्याचदा उलटं. पुढच्या दाराच्या काचेशी वारा वळसा घालून जोरात जातो, तिथं दाब कमी, म्हणून हवा बाहेर ओढली जाते. शिरते मागच्या काचेतनं. करोनाच्या वेळी अमेरिकेत ब्राउन विद्यापीठाच्या लोकांनी संगणकावर हे मांडून बघितलं, गाडी ताशी ८० किमीच्या आसपास धरून. आणि डिकी अर्धी उघडी ठेवून कपाट आणायचं बंद करा. गाडीच्या पाठीमागं सायलेन्सरचा धूर घुटमळतो, तोच आत येतो. मागं तुम्हीच आणलं होतं.

सेक्रेटरीकाका: 🙏

तळमजला अण्णा: वैनी, तुमची गाडी गुलमोहराखाली असते. वायपरखालच्या जाळीत पाला भरला असेल, काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा फिल्टरही बघा. मग पंखा फुल करून जाळीवर वहीचा कागद ठेवा. बाण बाहेर असला तर चिकटेल, आत केला की सुटेल.

सेक्रेटरीकाका: गुलमोहर तोडायचा विषय इथं काढू नका. रविवारी मीटिंगमध्ये.

३०२ वैनी: पाला मूठभर निघाला. फिल्टर काळाकुट्ट होता, ह्यांनी काढून ठेवलाय. अण्णा, कागद चिकटला! बाण आत केला तर सुटला. परत बाहेर केला…

३०२ वैनी: …आणि जाळीतनं आत गेला ओ.

तळमजला अण्णा: कसला कागद घेतला?

३०२ वैनी: टिश्यू.

तळमजला अण्णा: येतो खाली. चहा टाका.