एमआरआय नॉर्मल, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) नॉर्मल, तरी फिट येतेच (मदत हवी आहे)

सैरभैर: दोन्ही रिपोर्ट हातात आहेत, दोन्हींत काही नाही. काल पुन्हा फिट आली. आता पुढची कोणती तपासणी करायची तेवढंच सांगा. लवकर प्लीज.

पाऊलखुणा: फिट कोणाला येते? वय? झटके येतात की नुसती तंद्री लागते? ईईजी जागेपणी काढला की झोपेत?

रानवारा: सरळ पेट स्कॅन करा (मेंदूचा कुठला भाग कमी काम करतोय ते दाखवणारा). माझ्या भावाचं एमआरआयमध्ये निसटलेलं त्यात सापडलं.

पाऊलखुणा: रानवारा, लगेच पेट कशाला? तो सहसा ऑपरेशनचा विचार सुरू झाल्यावर करतात. साधा ईईजी 20-30 मिनिटांचा. तेवढ्या वेळात मेंदूत काही घडलंच नाही तर आलेखात उमटणार काय? आकडीच्या साधारण निम्म्या किंवा त्याहून कमी रुग्णांतच पहिल्या ईईजीत आजाराच्या खुणा दिसतात. तो नॉर्मल आला म्हणजे आकडीचा आजार नाही, असं होत नाही.

रानवारा: आणि एमआरआयचं काय? फिटसाठी वेगळा प्रोटोकॉल असतो, पातळ काप घेतात, हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) नीट बघतात. भावाचा पहिला साधाच होता, त्यात बारीकसा डिस्प्लेसिया (मेंदूच्या रचनेतला जन्मजात दोष) सुटला. दोन वर्षं गेली आमची.

मोरपीस: एमआरआयला घाबरू नका. आवाज मोठा असतो, पण इयरप्लग देतात. रेडिएशनही नसतं.

सैरभैर: मी भीतीचं विचारलंच नाहीये! बहीण आहे, 19 वर्षांची. पहाटे झोपेतच येते. आधी मान एका बाजूला वळते, मग झटके. ईईजी दुपारी, टक्क जागी असताना काढला. गोळ्या चालू आहेत. पुढच्या वेळी दोन दिवस बंद ठेवू का? म्हणजे दिसेल तरी.

पाऊलखुणा: अजिबात नका! एकदम बंद केल्या तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. व्हिडिओ-ईईजीला (ईईजी चालू असताना रुग्णाचं चित्रणही करतात तो) गोळ्या कधीकधी कमी करतात, पण ॲडमिट करून, देखरेखीखाली. पहाटे झोपेत येते हीच तर मुख्य गोष्ट! झोपेतल्या ईईजीबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याआधी जागरण करवायचं का, हेही त्यांनीच ठरवू दे, जागरणानेही फिट येते. फिटचा मोबाईलवर व्हिडिओ आहे?

सैरभैर: आईने एकदा काढलाय. डॉक्टरांना दाखवला नाही, त्यातून काय कळणार असं वाटलं.

पाऊलखुणा: तोच आधी दाखवा. मान कुठल्या बाजूला वळते त्यावरून सुरुवात मेंदूच्या कुठल्या भागात होते याचा अंदाज बांधता येतो.

रानवारा: एमआरआयची सीडीही न्या, नुसता कागद नको.

मोरपीस: ईईजीच्या आधी केस धुवून जा, तेल लावू नका.